छायाचित्राची मूळ प्रत : काचेपासून रॉ फाइलपर्यंत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी गेल्या पन्नास वर्षांतील छायाचित्रे गोळा करण्याचे काम संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. सभासदांच्या घरांतून जे काही आले ते पाहता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. १९८० च्या आगेमागे काढलेल्या गणेशोत्सवाच्या निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरल्या की तत्काळ ओळखू येत. कोण कोठे उभे आहे, मखर कोणत्या बाजूस आहे, हे चटकन सांगता येई. उलट २००२ ते २००८ या काळातील, म्हणजे अगदी काल-परवाची म्हणावीत अशी कित्येक छायाचित्रे संगणकावर उघडेचनात. फाइल होती, तिला नाव होते, तारीख होती; चित्र तेवढे नव्हते. जुने वाचता येते आणि नवे वाचता येत नाही, हा उफराटा प्रकार कसा घडला त्याची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इतिहास म्हटला की राजे, स्वाऱ्या आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु कागद, काच आणि फीत यांनाही इतिहास असतो, आणि तो नीट सांभाळला नाही तर बाकीचा इतिहासही उरत नाही.

मूळ प्रतीचे महत्त्व मराठी माणसास नव्याने सांगावयास हवे असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो पानिपतपूर्व दशकातील पत्रांचा होता. त्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली ती प्रसिद्धच आहे. बखर वाचावयास गोड असते, तिच्यात प्रसंगाला रंग भरलेला असतो. परंतु तो रंग घटनेनंतर कोणीतरी आपल्या समजुतीप्रमाणे भरलेला असतो. पत्र हे त्या दिवशी, त्या घाईत, त्या माणसाने लिहिलेले असते. ते रूक्ष असते, अपुरे असते, मोडीत असते, आणि तरीही राजवाड्यांनी पसंती दिली ती पत्रालाच. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तिच्यामागेही हाच विचार होता. अस्सल कागद आधी जपावा, त्याचा अर्थ लावण्यास पुढच्या पिढ्या समर्थ आहेत. बखर आणि पत्र हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण छायाचित्रणाच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत तोच भेद वेगवेगळ्या वेषांत पुन:पुन्हा समोर येतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तिने काढलेले चित्र अत्यंत बारकाव्याचे असे. पण ते एकमेव असे. त्याला निगेटिव्ह नव्हती, म्हणून त्याची दुसरी प्रतही निघत नसे. त्याच सुमारास इंग्लंडात टॅल्बट याने कागदावर उलटे चित्र घेऊन, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून, त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ती साधली. तिचे चित्र आरंभी दागेरच्या मानाने धूसर होते. तरीही पुढची दीडशे वर्षे जग चालले ते टॅल्बटच्या वाटेने, कारण तिच्यात मूळ आणि प्रत या दोन वस्तू प्रथमच वेगळ्या झाल्या. १८५१ साली आर्चर याने काचेवर कोलोडियनचा थर देऊन निगेटिव्ह घेण्याची रीत काढली आणि बारकावाही साधला.

ही विद्या मुंबईस पोहोचावयास फार वेळ लागला नाही. १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे भागातील मांद्रे गावचे. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले. नारायण दाजींनी मुंबईतील नाना जातींच्या व व्यवसायांच्या लोकांची छायाचित्रे घेतली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि त्या वर्गातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे अनेक वर्षे मुंबईत धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ओली काच तयार करावयाची, ती वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या खोलीत ती धुवावयाची, हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना आज भ्रमणध्वनीचे बटण दाबणाऱ्यास येणे कठीण.

याच मुंबईत एक बोलका प्रकार घडला. विल्यम जॉन्सन या गृहस्थाने १८५६ पासून एका सहकाऱ्यासह छायाचित्रांचा एक मासिक अल्बम काढला होता. त्यात छायाचित्रांचे मूळ ठसेच चिकटवलेले असत. पुढे १८६३ पासून त्याने मुंबईतील जातिजमातींवर एक भारदस्त ग्रंथ काढला. त्या ग्रंथात, आधी घेतलेल्या छायाचित्रांतील माणसे कापून ती निराळ्याच पार्श्वभूमीवर बसविलेली आढळतात. अंगणात वा स्टुडिओत उभी केलेली मंडळी ग्रंथात देवळापुढे अथवा समुद्रकाठी उभी दिसतात! ग्रंथ तेवढा उरला असता तर वाचकाने ते खरे मानले असते. आधीचे ठसे शिल्लक आहेत म्हणूनच ही करामत उघडकीस येते. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणण्याची प्रथा आहे, पण ती मुंबईत तरी १८६३ पासूनच मोडीत निघाली होती.

निगेटिव्हचा सर्वांत मोठा गुण असा की ती वाचण्यास यंत्र लागत नाही. उजेड असला की पुरे. दुसरा गुण असा की ती स्वतः निर्णय देत नाही. एकाच निगेटिव्हवरून एक छायाचित्रकार गडद ठसा काढील, दुसरा उजळ काढील. तिसरा चेहऱ्यावर हात धरून प्रकाश अडवील आणि आकाश काळवंडून घेईल. ठसा हे त्या-त्या वेळचे मत होय. मत बदलले तर निगेटिव्हकडे परत जाता येते. आपल्या मंडळाच्या प्रारंभीच्या काही कार्यक्रमांची छायाचित्रे शहरातील एका स्टुडिओने घेतली होती. तो स्टुडिओ यथावकाश बंद पडला आणि त्याचा निगेटिव्हचा साठा चांदी काढणाऱ्यांकडे गेला, असे जुने सभासद सांगतात. ठसे आपल्याजवळ आहेत, पण ते पिवळे पडले आहेत, आणि परत जाण्याची वाट राहिलेली नाही.

या हकीकतीत दादासाहेब फाळके यांचे स्थान वेगळे आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या पुरुषाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. काही काळ गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली आणि लोणावळ्यास छपाईचे काम केले. ते तिरंगी ठशांची विद्याही शिकले होते. रंगीत चित्र छापावयाचे तर त्याच दृश्याचे रंगीत काचांतून वेगवेगळे ठसे घ्यावयाचे आणि कागदावर एकावर एक उठवून डोळ्याला सर्व रंगांचा भास द्यावयाचा, असे त्याचे तत्त्व. मॅक्सवेलने ते १८६१ साली लंडनमध्ये दाखवून दिले होते. हा तिरंगी ठसा वाचकांनी लक्षात ठेवावा; त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

१९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. आज त्या नावाचा चित्रपट अपुराच उरला आहे. त्याचे जे भाग वाचले ते, पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारखा ध्यासवेडा मनुष्य त्याला लाभला, म्हणून वाचले. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानले जाते. त्यांतले फार थोडे शिल्लक आहेत. नायट्रेटची फीत मुळातच पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील साठ्याला आग लागून शेकडो जुन्या फिती भस्मसात झाल्या आणि त्यांत ‘प्रभात’च्या चित्रपटांचाही ऐवज गेला. आगीपूर्वी ज्यांच्या प्रती काढून ठेवल्या गेल्या होत्या ते चित्रपट आपण पाहू शकतो, परंतु ते प्रतीवरून.

आता नव्या युगाकडे येऊ. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला अंकीय कॅमेरा जुळविला. त्यात सुमारे दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र उमटे आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर याने जी रचना शोधली तिचे एकस्व १९७६ साली मंजूर झाले. रॉ फाइल म्हणजे काय हे समजण्यास ही रचना समजली की पुरे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, त्यावर प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधी बारीक वाट्या असतात. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवल्या आणि पाऊस थांबल्यावर प्रत्येकीत किती पाणी साठले ते टिपून घेतले, तसा हा प्रकार. या वाट्यांना रंग कळत नाही. किती प्रकाश पडला एवढेच कळते. म्हणून बायरने प्रत्येक वाटीवर तांबडी, हिरवी वा निळी इवलीशी काच बसविली. मनुष्याच्या डोळ्याला हिरव्या भागातले बारकावे अधिक कळतात म्हणून हिरव्या काचा निम्म्या आणि उरलेल्या दोन रंगांच्या पाव-पाव. म्हणजे फाळक्यांचा तिरंगी ठसाच, फक्त तिन्ही ठसे एकावर एक नसून बुद्धिबळाच्या पटासारखे शेजारी-शेजारी मांडलेले. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचे माप असते; उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. सेन्सरने मोजलेली ही मापे, कोणताही अंदाज न भरता, रंग न चढविता, ज्या फाइलीत लिहून ठेवतात तिला रॉ असे म्हणतात. रॉ म्हणजे कच्चे. ते चित्र नव्हेच. ते चित्राचे टिपण होय.

यावरून चित्र तयार करण्याचे काम कॅमेरा स्वतःही करतो. तो रंग भरतो, उजेड दिव्याचा की उन्हाचा हे ठरवितो, कडा धारदार करतो आणि १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग या पद्धतीने चित्र दाबून लहान करतो. दाबताना जे डोळ्याला सहसा जाणवणार नाही ते टाकून देतो. रॉ फाइलीत प्रत्येक वाटीचे माप बारा बिटांत असेल तर ४०९६ पायऱ्यांत, चौदा बिटांत असेल तर १६,३८४ पायऱ्यांत नोंदलेले असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच उरतात. गणेशोत्सवात घराघरांतून हौसेने काढलेल्या छायाचित्रांना जेपेग उत्तम आहे. वेळ वाचतो, जागा वाचते आणि कोठेही उघडते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती बखर आहे एवढेच. गोड आहे, सुटसुटीत आहे, आणि तिच्यातले निर्णय झालेले आहेत.

ते निर्णय चुकतात कोठे, याचे उदाहरण आपल्या बेळ्ळंदुरातच आहे. मंडळाची स्थापना झाली तेव्हा तळ्याकाठचे खेडे असलेल्या या गावात आज पुण्या-कोल्हापुराकडची आणि नागपुराकडची संगणक क्षेत्रातील कुटुंबे राहतात, आणि बेळ्ळंदूरचे तळे देशभर ठाऊक झाले ते फेसाने आणि आगीने. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१८ च्या जानेवारीत तळ्यातून धूर निघाला; दुसऱ्या वेळी तर आग विझविण्यास सैन्याचे जवान आले होते. पुढे तळे रिकामे करून गाळ काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ते दृश्य मागे पडले. त्या दिवसांत आपल्या एका तरुण सभासदाने रस्त्यावर उडून आलेल्या फेसाची छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याचे मोजमाप सर्व काही मध्यम राखाडी असावे असे धरून चालते, त्यामुळे जेपेगमध्ये पांढराशुभ्र फेस राखेसारखा मळकट उमटला. संध्याकाळच्या चित्रांत धुराचा तांबूस रंग कॅमेऱ्याने दिव्याचा दोष समजून पुसून टाकला. त्याच क्षणाच्या रॉ फाइली त्याने राखल्या होत्या. त्यांवरून फेस पांढरा आणि धूर तांबूस, जसे आम्ही सर्वांनी पाहिले तसे, काढता आले. उद्या कोणी या तळ्याचा इतिहास लिहावयास बसला तर त्याला उपयोग होईल तो या फाइलींचा.

रॉ म्हणजे निर्भेळ सत्य, असे मात्र कोणी समजू नये. राजवाड्यांच्या पत्रांतही लिहिणाऱ्याचा स्वार्थ असे. काही कॅमेरे रॉ फाइलीतही मापे थोडी घासून-पुसून वा दाबून लिहितात. तरीही हाती असलेल्या साधनांत ते घटनेच्या सर्वांत जवळचे असते.

मग अडचण कोठे आली? अडचण लिपीची आली. जेपेग हे सर्वांचे बाळबोध. कोणताही संगणक ते वाचतो. रॉ फाइल मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या मोडीत लिहिली. निकॉनने १९९९ सालच्या डी-१ कॅमेऱ्यात एनईएफ नावाची फाइल दिली. कॅननने २००० साली डी-३० मध्ये सीआरडब्ल्यू दिली, २००४ पासून सीआर-२ आणली आणि २०१८ पासून सीआर-३. सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ, ऑलिंपसची ओआरएफ. नाव तेच असले तरी नव्या कॅमेऱ्यागणिक आतील मांडणी बदले. कारकुनाने आपल्या दप्तराची किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवावी, त्यातला हा प्रकार. आणि कारकून कायमचा नसतो. मिनोल्टा कंपनीने आधी कोनिकाशी संसार थाटला आणि २००६ साली कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. सॅसन आणि बायर यांची कोडॅक कंपनी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीसाठी न्यायालयात गेली. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या प्रारंभी दुसऱ्या कंपनीकडे गेला. धंदा गेला की त्यांच्या फाइली वाचणारे प्रोग्रॅम नव्या संगणकांसाठी कोण लिहिणार?

लेखाच्या आरंभी ज्या न उघडणाऱ्या फाइलींचा उल्लेख केला, त्यांतील बहुतेक मिनोल्टाच्या होत्या. मंडळाच्या एका दिवंगत सभासदाने २००२ च्या सुमारास त्या कंपनीचा कॅमेरा घेतला होता आणि नाटके, हळदीकुंकू, सहली अशा सर्व प्रसंगी रॉमध्येच छायाचित्रे काढण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या पत्नीने हार्ड डिस्क स्मरणिकेसाठी आणून दिली, तेव्हा ‘यात हे आहेत का, तेवढे पाहा’ असे त्या म्हणाल्या. कॅमेरा सदैव ज्यांच्या हाती, ते स्वतः चित्रात फारसे नसतात. म्हणून त्या डिस्कमधील एकेक फाइल उघडणे आवश्यक होते. ती उघडली कशी, त्याचे श्रेय अर्ध्या जगापलीकडच्या एका माणसास आहे.

डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९७ साली आपल्या कॅननच्या रॉ फाइली वाचण्यासाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव डीसीरॉ. कंपन्या माहिती देत नसत. तेव्हा फाइल समोर ठेवून, तिच्यातील आकडे उलगडून, तिची लिपी शोधून काढावयाची, असा त्याचा क्रम. मोडीची बाराखडी हरवली असता नुसत्या पत्रांवरून ती पुन्हा सिद्ध करावी, तसे हे काम. पुढची वीस वर्षे तो प्रत्येक नव्या कॅमेऱ्याची लिपी त्यात घालीत गेला आणि हे सर्व त्याने जगाला फुकट दिले. २००५ साली निकॉनने डी-२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलीत प्रकाशाच्या रंगाची नोंद कुलूपबंद करून ठेवली, तेव्हा छायाचित्रकारांत मोठा गहजब झाला. आपण काढलेल्या चित्रातील नोंद आपणच वाचू नये हे कसे, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. ते कुलूपही कॉफिनने उघडले. डीसीरॉची शेवटची आवृत्ती २०१८ सालची. परंतु तिच्याच पायावर २००८ पासून लिबरॉ नावाचा संच उभा राहिला आहे आणि आजचे अनेक मोफत प्रोग्रॅम त्याच्या आधारे चालतात. त्यांपैकी एकाने मिनोल्टाच्या फाइली बिनतक्रार उघडल्या.

दुसरा उपाय अडोबी कंपनीने २००४ च्या सप्टेंबरात पुढे केला. त्याचे नाव डीएनजी, म्हणजे अंकीय निगेटिव्ह. टिफ या जुन्या पद्धतीवर ती बेतलेली असून तिची संपूर्ण मांडणी जाहीर आहे. कोणीही तिचा वाचक लिहू शकतो आणि त्यासाठी मोबदला द्यावा लागत नाही. लायका आणि पेंटॅक्स यांनी ती आपल्या कॅमेऱ्यांत स्वीकारली, २०१४ पासून अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनींत आणि पुढे अ‍ॅपलच्या काही भ्रमणध्वनींतही ती आली. निकॉन, कॅनन आणि सोनी हे मोठे सरदार मात्र आपापली लिपी सोडावयास तयार झाले नाहीत. त्यांच्या फाइली डीएनजीत पालटून देणारा प्रोग्रॅम अडोबी फुकट देते.

पालटावे की नाही, हा प्रश्न आपल्या तरुण सभासदांत बराच वादाचा आहे. येथे मोडीचा दृष्टांत पुन्हा उपयोगी पडतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळत नाहीत. मोडी पत्राचे बाळबोधीत लिप्यंतर करणाऱ्यास प्रत्येक ठिकाणी ऱ्हस्व की दीर्घ हे स्वतः ठरवावे लागते. तो निर्णय एकदा कागदावर आला की मूळ लेखकाने काय लिहिले होते ते झाकले जाते. रॉचे जेपेग वा टिफ करणे हे असे लिप्यंतर होय. पण रॉची डीएनजी करणे हे, नीट केले तर, लिप्यंतर नव्हे. वाट्यांची मापे तीच राहतात. फुटका रुमाल काढून नवा रुमाल बांधावा आणि वर सर्वांना वाचता येईल अशी चिठ्ठी लावावी, तितकाच बदल होतो. ‘नीट केले तर’ असे म्हणण्याचे कारण असे की त्याच प्रोग्रॅममध्ये चित्र दाबून लहान करण्याचा आणि रंग आधीच भरून ठेवण्याचा असे दोन पर्याय असतात. ते निवडले की पुन्हा बखर हाती येते. जतनासाठी मापांना धक्का न लावणारा पर्यायच घ्यावा. आणखी एक गोष्ट अशी की कंपनीने स्वतःसाठी लिहिलेल्या काही खुणा नव्या रुमालात निरुपयोगी होऊ शकतात, आणि निकॉन-कॅननचे स्वतःचे प्रोग्रॅम पालटलेली डीएनजी उघडत नाहीत. तेव्हा पालटल्यावर मूळ फाइल टाकून देण्याची जी सल्लामसलत काही जण करतात, ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जागा स्वस्त झाली आहे. मूळही राहावे आणि डीएनजीही राहावी.

परंतु सर्वच ठेवावयाचे काय? नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसास याचे उत्तर कार्यालयीन दप्तराच्या नियमांत सापडते. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीत फाइलींचे तीन वर्ग असतात : पहिल्या वर्गाची फाइल राखावयाची आणि तिची सूक्ष्मपट प्रतही काढावयाची; दुसऱ्याची राखावयाची, पण प्रत काढावयाची नाही; तिसऱ्याची ठराविक वर्षे ठेवून मग नष्ट करावयाची. आम्ही हीच विभागणी छायाचित्रांना लावली. स्थापनेपासूनचे पदाधिकारी, नाट्यप्रयोग, मान्यवर पाहुणे, तळ्याची चित्रे आणि जे सभासद आता नाहीत त्यांची एकूण एक चित्रे पहिल्या वर्गात. त्यांची मूळ रॉ, डीएनजी आणि जेपेग अशा तिन्ही प्रती. इतर कार्यक्रम दुसऱ्या वर्गात; त्यांची रॉ आहे तशी. एकाच आरतीची ओळीने काढलेली चाळीस चित्रे तिसऱ्या वर्गात. त्यांतले एक ठेवून बाकीच्यांना निरोप दिला. नव्या कॅमेऱ्याची एकेक रॉ फाइल पंचवीस-तीस मेगाबाइटांची असते, तेव्हा छाटणीही धर्मच आहे. पहिल्या दोन वर्गांच्या प्रती दोन स्वतंत्र डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवल्या आहेत. पुण्याच्या आगीनंतर एकाच छपराखाली सर्व ऐवज ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

मिनोल्टाच्या त्या डिस्कमधून सहाशेच्या वर चित्रे निघाली. २००४ च्या नाट्यप्रयोगाची चित्रे रंगमंचावरील तांबड्या दिव्यांमुळे जेपेगमध्ये केवळ तांबडे ठिपके होती. सभासदांकडच्या जुन्या छापील प्रतींत एकही चेहरा ओळखू येत नव्हता. रॉमध्ये हिरव्या आणि निळ्या वाट्यांत थोडे का होईना माप उरले होते. त्यावरून कृष्णधवल चित्र काढताच चेहरे दिसू लागले. ते या अंकात छापले आहे. एका सहलीच्या चित्रात बसच्या आरशात कॅमेरा डोळ्याला लावलेला एक मनुष्य उमटला आहे. आरशाचा तो कोपरा काळोखात होता. तो उजळून, मोठा करून, त्याचा ठसा त्यांच्या पत्नीकडे पोहोचविला आहे.

ज्या सभासदांकडे २००० ते २०१० या काळातील मेमरी कार्डे, सीडी अथवा जुन्या संगणकातील डिस्क पडून असतील, त्यांनी त्या न पुसता, त्यांतील फाइलींची नावे न बदलता, कार्यकारिणीकडे द्याव्यात. मंडळाच्या जुन्या निगेटिव्ह असल्यास त्याही पाकिटासकट द्याव्यात. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख खोडू नये.